उतारावरची बस

आमच्या उतारावरून शाळेची बस हल्ली आवाज न करता येते. पूर्वी तिची घरघर वळणापलीकडूनच ऐकू यायची. आज न राहवून मी ड्रायव्हरकाकांना विचारलं, "काका, इंजिन बंद करून उतरता की काय?"

ते हसले. "डिझेल वाचतं, ताई. साहेबांनीच सांगितलंय."

काटकसर मला कळते. मीही गॅस लवकर बंद करून भात वाफेवर शिजू देते. पण भाताला ब्रेक लावावा लागत नाही. शिवाय काटकसरीची मला एक भीती वाटते. ती एकदा अंगवळणी पडली की आणखी काय कमी करता येईल, ते हुंगत फिरते. म्हणून माझी नजर बसच्या दाराकडे गेली.

"आणि मुलांना चढवणाऱ्या मावशी?"

"त्यांना बंद केलं. मोठी मुलं बघतात की लहानांना."

मोठी म्हणजे कोण, हे विचारेपर्यंत माझी चौथीतली मुलगी वर चढली. मावशींच्या जागी उभी राहिली, दाराची कडी ओढली आणि थेट मावशींच्या सुरात म्हणाली, "चला, पालकांनी मागे सरा."

मी सरले. बस आवाज न करता उताराला लागली.