पुरुषोत्तमकाकांचं तवीरातलं घर

पुरुषोत्तम दिघे यांचं पोर्तुगालमध्ये एक घर होतं. विकत वगैरे घेतलेलं नव्हे. ज्यांचं ते होतं त्या माणसांना काकांचं नावही माहीत नसणार. पण ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरातल्या त्यांच्या हॉलमध्ये बसून त्या घराविषयी ऐकताना हा फरक माझ्याही लक्षात राहायचा नाही.

गावाचं नाव तवीरा. काका-काकू इंग्लंडमध्ये राहत होते तेव्हा, २००६ साली, सहलीच्या एका बसनं त्यांना तिथे चार तास उतरवलं होतं. संथ नदी, जुना पूल, चुना लावलेली बसकी घरं आणि गावाबाहेर लांबवर पसरलेली मिठागरं. काका उरणचे, मिठागरांच्या बांधांवर खेळून वाढलेले. त्यात माणूस सीकेपी, आणि बाजारात ताजी फडफडीत मासळी! चार तासांनी काका बसमध्ये चढले खरे, पण मनानं ते तिथेच राहिले.

पुढच्याच वर्षी दोघं न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला आले. सुनीतीकाकू हॉस्पिटलात नर्स, काका ईस्ट टामाकीच्या एका गोदामात माल रवाना करणाऱ्या विभागाचे सुपरवायझर. शनिवारी दुपारी जेवण झालं की काका लॅपटॉप उघडायचे आणि इंटरनेटच्या नकाशावर तवीराच्या गल्ल्यांतून चालायला लागायचे. बाहेर पाऊस लागलेला असायचा आणि काकांच्या चेहऱ्यावर तिथलं ऊन. "आज चर्चच्या मागच्या चढावर गेलो होतो," ते मला सांगायचे, "दम लागला गं." दम खरोखरच लागलेला असायचा. निळ्या दाराच्या एका घरासमोर ते दर वेळी थांबत. त्याच्या गच्चीवरून मिठागरं दिसणार, अशी त्यांची खात्री होती. गच्चीत खुर्ची कुठे ठेवायची तेही ठरलं होतं, कारण काकूंना वारा सोसत नाही.

माझी त्यांची ओळख फॉर्ममुळे झाली. मी कल्याणी, मनुरेवातच एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे. विद्यार्थी म्हणून आले आणि रेसिडेन्सीचा अर्ज भरताना रडकुंडीला आले, तेव्हा कुणीतरी सांगितलं, दिघ्यांकडे जा. आपल्या अर्ध्या लोकांचे फॉर्म काकांनी भरलेले आहेत. काळं पेन, मोठी अक्षरं, प्रत्येक चौकटीत एकच अक्षर. "माझा फॉर्म आजवर परत आलेला नाही," हे ते इतक्या वेळा सांगत, की मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, हे तुमच्या दारावरच्या पाटीवर लिहून लावा." घरातले तर सगळेच फॉर्म त्यांचे. काकू नुसत्या सही करायच्या. वाचतसुद्धा नसत.

आणि मग २०१६ साल उजाडलं. ब्रिटननं युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर जनमत घ्यायचं ठरलं. काका-काकू दोघंही ब्रिटिश नागरिक, आणि देश सोडून पंधरा वर्षं झालेली नसल्यामुळे दोघांनाही टपालानं मत देता येणार होतं. काकांच्या लेखी प्रश्न सरळ होता. ब्रिटन संघात आहे तोवर त्या पासपोर्टावर तवीराला जाऊन कायमचं राहता येतं. बाहेर पडला की ते दार बंद.

गोदामात स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, दुसरा विषयच नव्हता. ग्रॅहम नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याच्या वडिलांच्या तारानाकीत गाई होत्या. १९७३ साली ब्रिटन युरोपच्या बाजारात शिरला आणि इथल्या लोण्याला वाऱ्यावर सोडलं, हा राग त्या घरात अजून ताजा. "आता तिथून बाहेर पडून पुन्हा आमच्याकडेच येतील बघ," ग्रॅहम म्हणायचा. काकांनी त्याला 'गरज सरो, वैद्य मरो' इंग्रजीत समजावून सांगितलं. ते त्याला इतकं आवडलं, की तो 'किया ओरा' या माओरी नमस्काराच्या आधी तेच म्हणायला लागला.

घरातला वाद मात्र एवढा गमतीचा नव्हता. एका रविवारी अवोन्डेलच्या बाजारातून भाजी घेऊन आम्ही त्यांच्याकडे पोहे खायला बसलो होतो. काकूंनी डाव हातातच ठेवला आणि म्हणाल्या, "मी इंग्रजीची परीक्षा तीनदा दिली, कल्याणी. व्हिसासाठी रांगेत उभं राहून पाय सुजले माझे. आणि वॉर्डात माझ्या शेजारी युरोपातली मुलगी, नुसती बॅग उचलून आलेली. हा कुठला न्याय?"

"अगं, पण त्याच दारानं आपण उद्या तवीराला जाऊ शकतो," काका म्हणाले.

"तुम्ही जाल हो. तिथे सार्डिन साफ करायला कोण? मीच ना?"

आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. ही बाहेर पडण्याच्या बाजूनंच मत देणार, हे त्यांनी त्या पोह्यांच्या बशीवरच पक्कं केलं.

मेच्या शेवटी टपाली मतदानाचे कागद आले. त्या दिवशी काय झालं ते काकांनी मला फार नंतर सांगितलं. मतपत्रिका आतल्या पाकिटात बंद करायची. बाहेरच्या पाकिटात आणखी एक कागद, त्यावर जन्मतारीख आणि सही. दोन्ही नोंदणीशी जुळली तरच आतलं पाकीट उघडणार. काकू मतपत्रिका घेऊन किचनमध्ये गेल्या, फुली मारून आल्या, पाकीट चिकटवलं. दुसरा कागद नेहमीप्रमाणे काकांनी भरला.

आता काकूंच्या दोन जन्मतारखा आहेत. आपल्याकडे त्या पिढीत कितीतरी जणांच्या असतात. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी एक जून लिहिली, आणि पासपोर्टपासून नर्सिंगच्या रजिस्टरपर्यंत तीच चालत आली. खरी तारीख तीन ऑक्टोबर. त्या दिवशी काका दर वर्षी स्वतः पुरणपोळी करतात आणि ती दर वर्षी फाटते.

पेन हातात होतं आणि मन तवीरात. गच्चीतली ती खुर्ची, सुनीतीला लागणारा वारा, मिठावरचं ऊन, तिचा वाढदिवस तिथे कसा साजरा होईल. त्या तंद्रीत काकांनी तीन ऑक्टोबर लिहिली. काकूंनी न वाचता सही केली.

पाकीट बंद करताना त्यांना ती चूक दिसली.

खोडून दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागलं असतं. काकू सिंकपाशी भांडी विसळत होत्या. काकांनी एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं, पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन टपालात टाकलं.

निकाल लागला तो आमचा शुक्रवार होता. इंग्लंडात रात्रभर मोजणी आणि इथे भर कामाचा दिवस. दुपारी चारच्या सुमाराला स्पष्ट झालं, ब्रिटन बाहेर पडणार. ग्रॅहमनं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. घरी काकूंनी निकालाचा विषय काढला नाही. काकांना वाटलं, जिंकलेल्या माणसाचा मोठेपणा आहे हा. त्या शनिवारी लॅपटॉप उघडला गेला नाही.

सप्टेंबरात काकूंच्या नावानं इंग्लंडहून पत्र आलं. मी तेव्हा तिथेच होते, आलं घातलेला चहा पीत. काकूंनी उभ्याउभ्या वाचलं आणि हसायलाच लागल्या. जन्मतारीख न जुळल्यामुळे आपलं मत मोजण्यात आलेलं नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"बघ गं कल्याणी! तीस वर्षांत यांचा एक फॉर्म चुकला नाही, आणि चुकला तो माझ्या वाढदिवसापायी! म्हातारपणी प्रेम उतू चाललंय." मग पत्राची घडी घालताना सहज म्हणाल्या, "वाया गेलं बिचारं. संघात राहा म्हणूनच फुली मारली होती मी."

"पण तू तर त्या रांगेचं..." काका कसेबसे म्हणाले.

"राग आहेच मला. मरेपर्यंत राहील. पण राग वेगळा आणि तुमचं गाव वेगळं. म्हटलं, एवढं दर शनिवारी चालत जातात, एकदा खरोखर पोचू देत."

काकांचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं, आनंदानं भरून आलंय. किती मूर्ख असतो आपण.

दोन रविवारांनी अवोन्डेलच्या बाजारात, तारो कंदांच्या ढिगाशेजारी उभं राहून, काकांनी मला ते अर्धं मिनिट सांगितलं. मी भडकले. भर बाजारात त्यांच्यावर ओरडले. ज्यांनी माझा फॉर्म जिवापाड जपला त्यांनीच हे करावं, याचं मला रडूच आलं.

"काकूंना सांगा," मी म्हटलं.

"सांगून निकाल बदलणार आहे का?"

"निकालाचं कोण बोलतंय, काका?"

त्यांनी त्याच दुपारी सांगितलं. काकू युनिफॉर्मना इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री बंद केली आणि सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. काका मला नंतर म्हणाले, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"इंग्लंडला जायचं तुम्ही ठरवलंत, परीक्षा मी दिल्या," काकू म्हणाल्या. "इथे यायचं तुम्ही ठरवलंत, मी सही केली. तवीराला मात्र मी आपण होऊन हो म्हटलं होतं. तेवढंच एक, अख्ख्या जन्मात. आणि ते तुम्ही पाकिटात बंद करून टाकलंत."