यादीतला सातवा नंबर

“दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात,” डॉक्टर म्हणाले. “क्रिएटिनिन नऊच्या वर आहे. इतके दिवस काय करत होतात?”

प्रश्न सुनंदाला होता, पण त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी धड असली की तो लघवीवाटे निघून जातो, नसली की साचत राहतो. माझ्या बायकोचे पाय चार महिने सुजत होते. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा. मी म्हणायचो, “गुरुवारी जाऊ.”

चाकणच्या आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. त्यामुळे घरातली सगळी कामं गुरुवारवर ढकललेली. किडनीचे डॉक्टर मात्र बसायचे सोमवारी आणि शुक्रवारी. शिवाय निम्म्या गुरुवारी ओव्हरटाइम लागायचा, आणि तो लावणारा मीच होतो.

मी प्लॅनिंगला आहे. माणसं कमी, मशिन्स कमी आणि माल तर कालच हवा असतो. रोज सकाळी कुठल्या लाईनची दोन माणसं काढून कुठे द्यायची हे मी ठरवतो. ज्या लाईनचा सुपरवायझर भांडत नाही त्याची माणसं काढायची, ही आमची रीत. कागदावर कुठेच लिहिलेली नाही, पण सगळे प्लॅनर असंच करतात. सुनंदाही कधी भांडत नाही. लातूरहून लग्न होऊन मोशीत आली, पंधरा वर्षांत तिने एकदाही आवाज चढवलेला मला आठवत नाही. ती म्हणायची, “जाऊ की, काय घाई आहे!” आणि मी सुटलो असं समजायचो.

तुमच्या घरी कुणाचे पाय सुजत असतील तर सुट्टीच्या वाराची वाट बघू नका. मला एवढंच सांगायचं होतं, पण पुढे आणखी घडलं आणि तेही लपवून चालणार नाही.

डायलिसिस सुरू झालं. हातातून रक्त बाहेर काढून मशीनमधून धुऊन परत आत सोडतात. एका वेळी चार तास, आठवड्यातून तीनदा. त्यासाठी आधी फिश्चुला करतात, म्हणजे हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. तिथे बोट ठेवलं की थरथर जाणवते. पहिल्या दिवशी सुनंदाने माझं बोट धरून तिथे ठेवलं आणि हसली. मला हसू आलं नाही.

आमचं सेंटर एका ट्रस्टचं. सहा मशिन्स. एक काविळीच्या पेशंटसाठी वेगळं ठेवलेलं, राहिली पाच. सुनंदाच्या शेजारच्या बेडवर हौसाबाई असायच्या. चाकणच्या पलीकडच्या एका गावातल्या, साठीच्या. दोन्ही मुलं कंपनीत, त्यामुळे बाई सहा आसनी रिक्षाने एकट्याच यायच्या. सुई टोचताना बाकीचे ओरडायचे, त्या छताकडे बघायच्या. सुनंदाला मळमळायला लागलं की म्हणायच्या, “डोळे मिट पोरी, चार तासाचं काय घेऊन बसलीस.”

तिसऱ्या महिन्यात पाचातलं एक मशीन बिघडलं. पार्ट यायला तीन आठवडे लागणार होते. काही पेशंट दुसऱ्या सेंटरला पाठवले, तरी सहा जणांची आठवड्याला तीनाऐवजी दोनच डायलिसिस करावी लागणार होती. शुभांगी सिस्टर वेळापत्रक घेऊन रडकुंडीला आल्या होत्या. मला म्हणाल्या, “दादा, तुम्ही कंपनीत हेच करता ना? एवढं बसवून द्या की. सर बघून सही करतील.”

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन महिने तिच्या बेडशेजारी नुसता बसून होतो, आता कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतो. सिस्टरनी नियम सांगितला होता. दोन डायलिसिसच्या मध्ये ज्याचं वजन कमी वाढतं त्याच्या अंगात पाणी कमी साठतं, म्हणून तो लांबलेला दिवस सोसू शकतो. रजिस्टर घेऊन मी नावं वजनवाढीच्या चढत्या क्रमाने लावली. पहिली सहा नावं उचलायची, बस.

सुनंदा चौथी होती.

मी ती ओळ गाळली. मनाशी म्हटलं, ही नवीन आहे, हिला सवय नाही. पण नियमात नव्या-जुन्याचा शब्दही नव्हता. चौथी गाळल्यावर सातवा नंबर आत आला. हौसाबाई. त्या काही बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. डॉक्टरांच्या पुढ्यात वीस फायली होत्या, त्यांनी सही केली.

सिस्टरनी सांगितल्यावर हौसाबाई खरंच काही बोलल्या नाहीत. “बरं,” म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या.

दुसऱ्या आठवड्यात त्या ठरल्या दिवशी आल्या नाहीत. सिस्टर म्हणाल्या, “आयसीयूत आहेत. पल्मनरी इडिमा.” म्हणजे फुप्फुसांत पाणी शिरलं होतं. अंगातलं जास्तीचं पाणी निघायला तिसरं डायलिसिस लागलं असतं, ते मी काढून घेतलं होतं. सुनंदा मशीनवर शांत झोपली होती. तिच्याकडे बघवेना म्हणून मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. बाई गेली तर काय, याशिवाय दुसरा विचार सुचत नव्हता.

दुपारी डॉक्टरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडून पाहिलं. मग म्हणाले, “सही माझी आहे. रजिस्टर मी बघायला हवं होतं. यादी तुमच्या हातात जायलाच नको होती.” पुढे म्हणाले, “रिपोर्टप्रमाणे तुमच्या मिसेसना आठवड्याला दोनवर ठेवता येईल. पाणी मोजून, पोटॅशियम तपासत. चालेल?”

“चालेल,” मी म्हणालो. घरी येऊन सुनंदाला सगळं खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कणीक मळायला घेतली.

तिचे दहा दिवस तहानेत गेले. दिवसाला मोजून तीन पेले पाणी. ती बर्फाचा खडा तोंडात धरून बसायची. मीही घोट घोट प्यायचो, पण त्याने माझंच समाधान व्हायचं.

हौसाबाई वाचल्या. पार्ट आला, मशीन सुरू झालं आणि त्या परत शेजारच्या बेडवर आल्या, पार उतरलेल्या. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि सांगून टाकलं. ओळ कशी गाळली, ते सगळं. हात जोडले.

त्यांनी छताकडेच बघत विचारलं, “मंग माझ्या जागी कुनाचं नाव घातलं?”

“सुनंदाचं.”

“तिला इचारलं व्हतं का?”

डॉक्टरांनी ‘चालेल?’ म्हटलं तेव्हा उत्तर मीच देऊन मोकळा झालो होतो. घरी येऊन तिला नुसतं कळवलं होतं.

“मला बी न्हाई इचारलं कुनी,” हौसाबाई म्हणाल्या. “इचारलं असतं तर सांगितलं असतं, मला रातीचं आडवं झालं की दम लागतो म्हनून.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी वळून सुनंदाकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं.

“विचारलं असतं तर मी हो म्हणले असते,” ती म्हणाली. “पण तुम्ही विचारलं नाही.”

डॉक्टरांचे, सिस्टरचे आणि या दोघींचे उपकार मी मानतो. पण त्या दिवशी आभार मानायला तोंडच नव्हतं. मी विचारलं, “सुनंदा, मी इथं बसू का बाहेर थांबू?”

तिने जरा विचार केला. “बाहेर थांबा,” ती म्हणाली. “तुम्ही सारखे मशीनकडे बघता, मला झोप लागत नाही.”

मी स्टूल उचललं आणि बाहेर जाऊन बसलो.