रंगाऱ्याची सकाळची फेरी

म्हातारा रंगारी रोज सकाळी लाँड्रीवालीच्या दारात जातो, दोन शब्द कुजबुजतो आणि परत येतो. नक्की कुठंतरी पाणी मुरतंय, असं गावात बोललं जायचं. तो विधुर, ती विधवा. बाकीचं लोकांनी जुळवलं.

तसं हे गावही नदीनंच जमवलं. मऊ पाणी बघून रंगाऱ्याच्या पणजोबांनी काठावर भट्टी लावली. रंगीत कापडामागं व्यापारी आले, व्यापाऱ्यांमागं रस्ता, रस्त्यामागं दवाखाना, आणि दवाखान्याच्या चादरी धुवायला खालच्या अंगाला लाँड्री. एवढी माणसं काठावर आल्यावर कुणाबद्दल तरी बोलणं आलंच. शिकलेले लोक याला संस्कृती म्हणतात.

रंगाऱ्याला ही कुजबुज मनातून आवडायची. सत्तरीत असलं काही वाट्याला येणं सोपं नाही. त्यानं कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मिशीला मात्र रोज कंगवा लागू लागला.

सुनेचा पारा चढला. "मामंजी, उद्यापासून तिकडं पाऊल टाकायचं नाही. मला बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"अगं, कामानं जातो."

"कसलं काम?"

इथं खरं सांगितलं असतं तर विषय मिटला असता. पण मिशीचा रुबाबही मिटला असता.

"ते आमचं आमच्यात," म्हातारा म्हणाला.

सुनेनं त्याच्या चपला कपाटात कोंडल्या. म्हातारा अनवाणी मागच्या अंगणातल्या भट्टीवर गेला, कापड रंगवलं आणि नेहमीसारखं नदीत खळबळलं.

दुपारी लाँड्रीवाली ओलं गाठोडं घेऊन दारात उभी. "काय गं, सासऱ्याला आजारी पाडलंस की काय?" तिनं गाठोडं उंबऱ्यावरच सोडलं. दवाखान्याच्या सगळ्या चादरी गुलाबी. "उद्या पांढऱ्या दिल्या नाहीत तर काम दुसरीकडं देतायत. मग मी खाऊ काय, तुमचा रंग?"

म्हाताऱ्यानं चादरी उचलल्या. रंगारी चढवतो तसा उतरवतोही. सुनेनं न सांगता भट्टीत लाकडं सारली, आणि उकळत्या हंड्याकडं बघत विचारलं, "मामंजी, खरं सांगा. रोज काय बोलायचात तिच्याशी?"

म्हाताऱ्यानं मिशीवरून शेवटचा हात फिरवला आणि सांगून टाकलं.

तो "आज रंग" किंवा "आज नाही" एवढंच बोलायचा. रंग असेल त्या दिवशी ती पांढरं धुणं नदीवर नेत नसे.