भाऊजींच्या नावावरचा नंबर

माझे मोठे दीर पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी जन्मभर कामगारांना नट-बोल्ट, वायसर आणि तेलाचे डबे दिले, आणि प्रत्येकाला देण्याआधी एकच प्रश्न विचारला, "कशाला हवाय?" निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं त्यांना घड्याळ दिलं. तो प्रश्नही ठेवून घेतला असता तर बरं झालं असतं.

आमचं घर दुमजली. वर भाऊजी आणि जाऊबाई, खाली मी आणि माझे यजमान. मधे जिना, आणि जिन्याच्या दाराची कडी वरच्या बाजूनं. माणूस मनानं वाईट नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. मनानं कसा आहे ते बघायला त्यांच्या मनात कोण शिरलंय? मला दिसतं ते वागणं, आणि ते मी पुरेपूर बघितलंय.

निवृत्तीनंतर त्यांनी घरच्या फोनचा आणि इंटरनेटचा कारभार आपल्या हातात घेतला. कोणी दिला नव्हता, त्यांनी घेतला. सगळ्या कंपन्यांचे प्लॅन त्यांना तोंडपाठ. सकाळी चहा झाला की गॅलरीत खुर्ची टाकायची, स्पीकर चालू करायचा आणि कुठल्यातरी कस्टमर केअरच्या पोरीचा जीव खायचा. "तुमच्या वरच्याला द्या," असं म्हणायचे. वरचा आला की "तुमच्याही वरच्याला द्या." शेवटी इतक्या वरचा माणूस यायचा की त्याला खालचं काहीच ठाऊक नसायचं, आणि मग भाऊजी विजयी मुद्रेनं फोन ठेवायचे.

एकदा नव्या कंपनीचा सेल्समन दारात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात चकचकीत कागद. भाऊजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "अमर्यादित म्हणजे किती?"

"म्हणजे सर... कितीही."

"मग इथं खाली मुंगीएवढ्या अक्षरात काय लिहिलंय? वाचा. मोठ्यानं वाचा."

त्यानं वाचलं. वाचता वाचता त्याचाच चेहरा उतरला. तेवढ्यापुरतं मीही हसले, खोटं कशाला सांगू. बाहेरच्या लबाडाला भाऊजी बरोबर पकडत. अडचण एवढीच की घरातल्या माणसांनाही ते त्याच रांगेत उभं करत.

राउटर त्यांनी वरच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. खाली आमच्याकडे रेंज यायची ती जिन्याच्या पायथ्यापर्यंत. माझे यजमान बिचारे पायरीवर बसून बातम्या बघायचे. पासवर्ड वरचेवर बदलायचा, आणि तो मागायला गेलं की प्रश्न तयार, "कशाला हवाय?" मी एकदा म्हटलं, "लोणी काढायला हवाय." पुढचा सबंध आठवडा पासवर्ड मिळाला नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं. इंटरनेटवाचून माझं फारसं अडत नव्हतं. माझं पोट होतं फोन नंबरावर.

मी अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे केस कापते. पूर्वी पार्लरमध्ये होते, तिथल्या एका बाईची आई आजारी पडली म्हणून घरी गेले आणि मग तेच काम धरलं. उशीवर प्लॅस्टिक टाकायचं, मानेखाली हात घालून डोकं उचलायचं, आधी एक कूस, मग दुसरी. झोपून राहिलेल्या माणसाचे केस डोक्याच्या मागच्या बाजूला उशीला घासून घासून गुंततात, त्याची गाठ होते, आणि ती गाठ खड्यासारखी टोचते. घरच्यांना हे कळत नाही. त्यांना वाटतं म्हातारी उगाच कुरकुर करते. मला दुकान नाही, पाटी नाही. एकानं दुसऱ्याला सांगितलेला नंबर, तेच माझं दुकान. आज मुलाच्या फोनवरून, उद्या शेजारणीच्या, परवा नर्सच्या फोनवरून बोलावणं यायचं. मी त्यांना कधी शोधलं नाही, तेच मला शोधायचे.

तर भाऊजींनी फॅमिली प्लॅन शोधून काढला. घरातले सगळे नंबर एका माणसाच्या नावावर करायचे, बिल एक, कटकट नाही. तो एक माणूस कोण, हे विचारायची सोयच नव्हती. मी यजमानांना म्हटलं, "माझा नंबर कशाला त्यात? माझा कामाचा आहे."

"अगं, दादाच तर आहे," ते म्हणाले. "तो काय खातोय तुझा नंबर?"

गेलो सगळे कंपनीच्या दुकानात. फोटो काढले, अंगठे लावले, फोनवर आलेले आकडे वाचून दाखवले. बाहेर पडताना भाऊजींच्या चालण्यातच फरक पडला होता. सगळं स्टोअर परत ताब्यात आल्यासारखे चालत होते.

वर्षभर बरं चाललं. मग माझ्या यजमानांचा गुडघा दुखायला लागला आणि पायरीवर बसणं जमेना. मी भाऊजींना म्हटलं, खाली दुसरा राउटर बसवू या. ते म्हणाले, "गरज नाही." मी म्हटलं, गरज कुणाला आहे ते मी ठरवते. आणि ठरवलंच. चार ठिकाणी चौकशी केली, माझ्या पेशंटांच्या घरी कुठली लाइन धड चालते ते विचारलं, आणि एका लहानशा कंपनीचं कनेक्शन माझ्या नावानं घेतलं.

वायरमन आला, भिंतीला ड्रिल लावलं, तसे भाऊजी जिन्यावरून खाली आले. गंजिफ्रॉकवर. वायरमनला म्हणाले, "भिंत माझीपण आहे."

"अर्धी," मी म्हटलं. "भोक माझ्या अर्ध्यात पाडतोय तो."

"एका घरात दोन लाइनी! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील खालच्यांना आता पासवर्ड मागावा लागत नाही."

वायरमन खाली मान घालून भोक पाडत राहिला. माझे यजमान आतल्या खोलीत मूग गिळून बसले होते. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, वर गेले आणि कडी लावली. ते ओरडले असते तर मी समजून घेतलं असतं. गप्प गेले, तेव्हाच ओळखलं, हे इथं थांबणार नाही.

दुसऱ्याच दिवशी एका रिटायर्ड ड्रायव्हरकाकांची दाढी करत होते. त्यांच्या मुलीला ओळखीच्या एका पेशंटचा पत्ता मला पाठवायचा होता, तर फोन लागेना. बघते तर माझ्या फोनवर रेंजच नाही. बंद करून चालू केला. सिम काढलं, पदराला पुसलं, परत घातलं. मेलेलं. तशीच कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "या नंबरचं सिम हरवल्याची तक्रार आहे, मॅडम. मालकांनी काल नवीन सिम नेलं."

"मालक मी आहे."

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. भाऊजींचा फोटो होता, दुकानात काढलेला, हसरा. तो माणूस हसताना मी त्या फोटोतच पहिल्यांदा बघितला.

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन जिन्याचं दार बडवलं. जाऊबाईंनी उघडलं. भाऊजी सोफ्यावर पेपर वाचत होते.

"माझा नंबर द्या," मी म्हटलं.

"नंबर माझ्या नावावर आहे. तुम्हाला वेगळं व्हायचंय ना? व्हा की. वेगळी लाइन, वेगळा नंबर. मी कुठं अडवलंय?"

"माझी माणसं त्या नंबरवर फोन करतात. आजारी माणसं आहेत ती."

"ज्यांचा फोन येईल त्यांना सांगू."

"काय सांगाल?"

पेपराचं पान उलटलं गेलं. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, भाऊजींकडे बघत होत्या, पण तोंडातून शब्द नाही. लग्न झाल्यापासून त्यांचा शब्द मी क्वचितच ऐकलाय. तेव्हा मला त्यांचाही राग आला.

यजमान गुडघा धरत धरत वर जाऊन आले. "दादा ऐकत नाही," एवढंच म्हणाले. मी हात जोडायला जाणार नव्हते. नवीन सिम घेतलं, स्वतःच्या नावावर. फोनमध्ये जी नावं होती त्यांना कळवलं. पण निम्म्याहून जास्त माणसांचं नावच माझ्याकडे नव्हतं, नुसती घरं लक्षात होती. मग घरोघर जायला लागले. पिशवी खांद्याला, नंबराच्या चिठ्ठ्या हातात. कुठं लिफ्ट बंद, कुठं कुत्रं, कुठं दारातूनच "आम्ही दुसरी बाई लावली, तुम्ही सोडलंत ना काम?" मी सोडलं, हे मला परक्या माणसाकडून कळत होतं.

एका घरी एक आजी होत्या. पूर्वी शिलाई शाळेत शिकवायच्या. केस पांढरेशुभ्र आणि दाट, आणि त्यांचा त्यांना भारी अभिमान. कापून झाले की आरसा मागायच्या, डावीकडून बघायच्या, उजवीकडून बघायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता पाहुणे आले तरी चालतील." पाहुणे कधी यायचे नाहीत.

त्यांच्या सुनेनं दार उघडलं. मला बघून तिनं दार पुरतं उघडलंच नाही.

"आता आलात?" ती म्हणाली.

मी आत डोकावले. पलंग रिकामा होता. गादी गुंडाळून ठेवलेली.

"मी फोन केला होता तुम्हाला," सून म्हणाली. "तीनदा केला. एक गृहस्थ बोलले, ते काम बंद झालंय म्हणून. मी म्हटलं, अहो, सासूबाईंना फार त्रास होतोय, मागं गाठ झालीय, उशीवर डोकं टेकवत नाही, कुठं भेटतील त्या बाई? ते म्हणाले, माहीत नाही."

"माहीत नाही म्हणाले?"

"हो, तिन्ही वेळा. आणि ठेवला. मग मीच कापले, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं. मला कुठं येतं? जागोजागी भसाभस उडाले. त्यांनी आरसा मागितला." तिचं तोंड वाकडं झालं. "मी म्हटलं सापडत नाही. शेवटपर्यंत रोज मागायच्या. मी रोज म्हणायची, शोधते हं आई."

मी तिथं दारात काय बोलले ते मला आठवत नाही. चिठ्ठी दिली नाही, एवढं आठवतं.

घरी आले ती थेट वर. दार बडवलं नाही, ते उघडंच होतं. दोघं जेवायला बसली होती. मी उभ्यानं सगळं सांगितलं, सुनेच्याच शब्दांत, एक शब्द वाढवला नाही. गाठ सांगितली, कात्री सांगितली, आरसा सांगितला. मग म्हटलं, "मी त्याच घरात खाली होते, भाऊजी. तुमच्या पायाखाली. आणि तुम्ही म्हणालात माहीत नाही."

भाऊजींनी घास खाली ठेवला. "मला काय ठाऊक ती बाई मरणार आहे?" ते म्हणाले. "आणि मी काय तुमचा ऑपरेटर आहे?"

जाऊबाई उठल्या. हात धुतले, पुसले. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून भाऊजींचा फोन काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"आजपासून आहात," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ऑपरेटर. फोन आला की हिचा नवीन नंबर सांगायचा. नीट सांगायचा. मी इथं बसून ऐकणार." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला जुनाच परत हवाय का?"

हवा होता. जीव तुटत होता त्या नंबरासाठी. पण ज्या वस्तूवर त्यांचं नाव चढलंय ती उद्या पुन्हा त्यांच्या मनाला येईल तेव्हा मेलेली निघेल, हे मला कळून चुकलं होतं. आणि तो परत माझ्या नावावर करायचा तर या माणसाला शेजारी घेऊन काउंटरवर उभं राहायचं, त्याचे आभार मानायचे. मी म्हटलं, "नको. त्यांच्याकडेच राहू दे. फोन मात्र त्यांनी घ्यायचे."

आता वर फोन वाजतो आणि मला जिन्यातून ऐकू येतं. "त्यांचा नंबर बदललाय. लिहून घ्या." एकेक आकडा सुटा सुटा सांगतात आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेतात, पूर्वी नट-बोल्ट मोजून द्यायचे तसे. आकडा चुकवत नाहीत, तेवढं खरं. जाऊबाईंनी खुर्ची ओढल्याचा आवाज येतो, म्हणजे त्या बसलेल्या असतात. माझं नि भाऊजींचं बोलणं बंद आहे. यजमान म्हणतात, किती दिवस चालायचं हे, वय झालंय त्यांचं. मी म्हणते, माझ्या सगळ्याच माणसांचं वय झालंय.

त्या ड्रायव्हरकाकांना मी सगळी हकीकत सांगितली होती. त्यांना दिवसभर पलंगावर उद्योग नसतो. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुना नंबर काय होता गं तुझा?" त्यांना तो पाठ होता. नवीनही पाठ आहे. तरी ते रोज सकाळी, भाऊजींच्या चहाच्या वेळेला, जुन्या नंबरवर फोन लावतात आणि विचारतात, "बाई आहेत का?" भाऊजी नंबर सांगतात. काका म्हणतात, "थांबा, पेन आणतो," आणि फोन छातीवर ठेवून पडून राहतात. त्यांना उठता येत नाही, हे भाऊजींना माहीत नाही.

परवा दाढी करताना काकांनी विचारलं, "बास करू का गं आता?"

मी वस्तरा पुसला, त्यांच्या हनुवटीखाली हात धरला आणि म्हटलं, "त्यांनी आजींच्या सुनेला तीनदा 'माहीत नाही' म्हटलं, काका. उद्याही लावा."