रुसलेल्या व्याह्यांची राहुटी

कडक जमिनीत तंबूची मेख कशी ठोकावी, याचं ज्ञान उभ्या परभणी जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला नाही. मी आजवर कडक जमिनीत एकही मेख ठोकू शकलेलो नाही, ही गोष्ट वेगळी!

आमचं गाव राणीसावरगावच्या बाजूला, माळावर. माळ म्हणजे निव्वळ मुरूम. वैशाखात तिथं कुदळ मारली तर कुदळच माघारी येते आणि मारणाऱ्याला विचारते, काय काम होतं? अशा गावात माझ्या धाकट्या बहिणीचं, शेवंताचं लग्न निघालं. मुलगा गंगथडीचा, काळ्या रानातला, घरचा खाऊनपिऊन सुखी. शेवंताला तो पसंत होता. (तसं ती बोलली नव्हती. पण त्याचं नाव निघालं की भाकरी करपायची, त्यावरून घरात सगळ्यांना कळलं होतं.) अडचण होती ती फक्त मुलाच्या वडिलांची, गणपतरावांची. सुपारी फुटली त्याच दिवशी त्यांनी मिशीवरून हात फिरवून बजावलं, "आमाला जानवसा सवता पायजे. कुनाच्या गोठ्यात उतरनार न्हाई आमी. मानात कमी पडलं तर गाड्या जुपून वापस!"

आमच्या वडिलांचा, आबांचा चेहरा पडला. गावात रिकामं घर नव्हतं. देवळात म्हणावं तर देवालाच पाय लांब करायला जागा नाही. मी म्हणालो, "आबा, फिकर करू नका. जानवश्याचा इंतजाम माझ्याकडं."

"म्हनूनच फिकर वाटायलीय," आबा म्हणाले.

मी तेव्हा परभणीला आडत दुकानात मुनीम होतो. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि जुन्या फौजेचं सामान बाजारात येऊन पडलं होतं. त्यात मला एक राहुटी दिसली. काय राहुटी! आतून पिवळं अस्तर, कडेला झालर, वीस माणसं मांडी घालून बसतील अशी ऐसपैस. मी दोर मोजले, खांब वाजवून बघितले आणि विचारलं, "मेखा कुठायत?"

"मेखां क्या मियाँ, कहीं बी मिलते!" दुकानदार म्हणाला.

मिळतात, हे त्याचं खरं होतं. जमिनीत जातात, असं तो म्हणाला नव्हता!

लग्नाच्या आधी मी राहुटी घेऊन गावात दाखल झालो आणि चुलतभाऊ मारुतीला हाताशी धरलं. पहिल्यांदा सुताराकडून बाभळीच्या मेखा तासून आणल्या. बाभूळ म्हणजे कसलं चिवट लाकूड! मारुतीनं हाणली, मी हाणली, शेजारच्यांनी हौसेनं हाणली. मेख जमिनीत शिरली नाही, पण तिचं टोक फुलून छान केरसुणी झाली. मायनं तीच उचलून अंगण झाडलं.

मग मी लोहाराकडून लोखंडाच्या मेखा घडवून घेतल्या. त्या वाकल्या. लोहारानं वाकडी मेख उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "ह्येला मूठ बसवून देऊ का? विळा झालाय झकास."

"मुरुमात जमत नसंल तर खाली काळ्या रानात उबारू," मारुती म्हणाला. मला पटलं. (मला कोणतीही चुकीची गोष्ट लगेच पटते.) पण वैशाखातलं काळं रान! बोट जाईल एवढ्या नव्हे, अख्खा हात जाईल एवढ्या भेगा. मी मेख ठेवली, मारुतीनं हातोडा उचलला, आणि मेख आपली आपणच गेली. गेली म्हणजे दिसेनाशीच झाली! मारुती पालथा पडून खांद्यापर्यंत हात घालून बसला.

"लागली का हाताला?"

"न्हाई दादा. पर खालून गार वारं यायलंय!"

शेवटी मी शास्त्रीय उपाय काढला. जमीन कडक असेल तर भिजवावी. माळावर घागरी ओतायला लागलो तशी माय पदर खोचून धावत आली.

"काय करायलास रे मुडद्या? आडात पानी न्हाई आन् तू धरनीला पाजायलास? वऱ्हाडी काय वारा पिऊन ऱ्हातेत का?"

म्हणजे सगळे रस्ते बंद. वऱ्हाड दुपारी यायचं होतं. तेवढ्यात माझ्या डोक्यात असा काही विचार चमकला, की तो आठवला तरी मला अजून स्वतःचं कौतुक वाटतं. मेख लागते कशाला? दोर घट्ट धरून ठेवायला. मग जड वस्तू मिळाली की झालं! मागच्या दोरांवर आम्ही धोंडे ठेवले. पुढच्या दोरांना जड काय? तर वऱ्हाडाच्या गाड्या! गाड्या येणार, बैल सुटणार, आणि मुक्काम होईतो त्या जाग्यावरून हलणार नाहीत. वऱ्हाड आलं, पाहुणे पारावर पानं खात बसले, तेवढ्यात आम्ही दोन गाड्यांच्या आसाला दोर आवळले, चाकांपुढं दगड लावले आणि वरून कडबा पसरला, म्हणजे बघणाऱ्याला दोर दिसू नयेत. राहुटी अशी ताठ उभी राहिली, की गावातली माणसं बघायला लोटली.

खुद्द गणपतरावांनी एक फेरी मारली. "मेखा दिसत न्हाईत कुठं?"

"अशा ठोकल्यात इवाईबुवा, की दिसायच्या बी न्हाईत!" मी म्हणालो.

गणपतराव खूश झाले. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यातली पहिली! इथंच मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट संपली असती.

पण पाहुण्यांनी पाय धुवायला गरम पाणी मागितलं आणि मी उत्तर दिलं, "घागरी उन्हातच हायत की. चुलीपरास जास्त तापल्यात!"

हशा पिकला. तो नेमका वऱ्हाडात पिकला नाही, आमच्या बाजूला पिकला. गणपतराव ताडकन उठले. "इवायाची थट्टा? आमचे गडी कुठायत? जुपा गाड्या!"

आता, व्याही रुसला की गाड्या जुंपायला सांगणारच. तो रिवाजच आहे. बैल सावकाश आणायचे, जू सावकाश ठेवायचं, तोवर मुलीच्या बापानं पागोटं काढून पायावर ठेवायचं, मग व्याह्यानं थोडे आढेवेढे घेऊन खाली उतरायचं. कुणीच खरं निघून जात नाही. गावात कुणाला त्याची चिंता वाटली नाही. चिंता एकट्या मला वाटली, कारण दोर कुठं बांधलेत हे फक्त मला आणि मारुतीला माहीत होतं. आणि मारुती जेवायला गेला होता!

त्यातून राहुटीत विहीणबाई होत्या. त्याही रुसून भिंतीकडं, म्हणजे कापडाकडं, तोंड करून बसल्या होत्या आणि माय त्यांची समजूत घालायला आत गेली होती.

दोराचं बिंग फोडायची हिंमत नव्हती, म्हणून मी नुसताच गाडीपुढं आडवा झालो. "इवाईबुवा, पाया पडतो, गाडी हलवू नका!"

गणपतरावांना वाटलं, पोरगा रिवाजाप्रमाणं विनवतोय. त्यांनी मान आणखी ताठ केली. "हाका!"

"अवं, रुसा तुमी, लागंल तेवढं रुसा! पर जाग्यावर बसून रुसा!"

"आनखी थट्टा? हाका म्हनतो ना!"

आबा मला बाजूला ओढून म्हणाले, "तू गप. तुज्यामुळंच झालंय." ते पागोटं काढायला लागले. पण पागोटं नवं, घट्ट बसलेलं, निघेना! गड्यांनी चाकापुढचे दगड काढले. गाड्या हलल्या. मागचे धोंडे गडगडले. खांब वाकला, आडवा झाला आणि राहुटी अलगद खाली बसली. बसली, आणि चालायला लागली!

रुसलेला माणूस मागं वळून बघत नसतो. गणपतराव पुढच्या गाडीत छाती काढून बसले होते. मागून सारं गाव ओरडत होतं, "थांबा, थांबा!" आणि जितकं गाव ओरडत होतं, तितका त्यांचा चेहरा तृप्त होत होता. इतकी विनवणी कुठल्या व्याह्याच्या वाट्याला आली असेल? मागून राहुटी येत होती आणि तिच्याखालून आवाज येत होते. "अगं बया!" "धरा, माझा हात धरा, इहीणबाई!" "पुढं खड्डा हाय का वो?" "काय की माय, अंधार हाय!"

मला हसू येत नव्हतं. आमच्या दारात हळद लागलेली शेवंता उभी होती. तिनं व्याह्यांच्या गाड्या निघालेल्या बघितल्या आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "दादा, खरंच चाललेत का रे ते?" तिनं एवढंच विचारलं. सगळ्या मेखा त्या वेळी माझ्याच काळजात शिरल्या असत्या, आणि एका घावात!

पण माळावरून बाहेर पडायला एकच वाट, आणि ती आमच्या मांडवावरून जाते. मांडवाच्या कडेला हिरव्या कडवळाचा भारा पडलेला. बैलांना रुसव्याशी काय घेणं? सकाळभर चालून आलेली जनावरं! ती सरळ मांडवात शिरली आणि कडवळाला तोंड लावून थांबली. मागं राहुटीही थांबली. कापडाची एक बाजू वर झाली आणि केसांत गवत, नथ कानापाशी, अशा विहीणबाई बाहेर आल्या. त्यांनी मायचा हात घट्ट धरलेला होता. मायनंही सोडला नव्हता.

रुसलेली विहीण आपल्या पायांनी मांडवात आली की रुसवा संपला, हाही रिवाजच! गणपतरावांनी आता मागं वळून बघितलं. राहुटी बघितली, दोर बघितला, दोराचं आपल्याच गाडीला बांधलेलं टोक बघितलं.

"ह्या मेखा व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"जी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ते पुन्हा पेटणार, एवढ्यात विहीणबाई कडाडल्या, "उतरा खाली! लय झाला तुमचा मान. दोनदा पडता पडता ह्या माउलीनं सावरलं मला. असली इहीण सोडून कुठं चाललाव? पोरीला आणा, भटजीबुवा खोळंबलेत!"

गणपतराव उतरले. आबांचं पागोटं त्याच क्षणी निघालं, पण आता त्याची गरज नव्हती, म्हणून त्यांनी ते परत घातलं. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा शेवंता हसत होती, आणि मी कडवळाच्या भाऱ्याआड जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. आमचं वऱ्हाड मुलीच्या गावी पोचलं, तर सासऱ्यांनी आम्हाला उतरवलं गावच्या दगडी चावडीत. भिंती दोन हात जाड, उकाडा असा की जीव नकोसा! मी सासऱ्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "मामा, एखादी राहुटी उबारायची की. हवेशीर ऱ्हातं."

सासऱ्यांनी आधी आमच्या गाडीखाली वाकून बघितलं आणि मग हात जोडले.

"जावाईबापू, तुमची कीर्ती हितपतूर आलीय. तुमी रुसून निघालाव, तर चावडी वढायला बैलं तरी कमी पडतेल!"