पत्रक, पावडर आणि काचसामान

खालच्या मजल्यावरची मुलगी हातांवर उलटी उभी राहून चालत असेल, तर तिच्यावर न जळणारा एक तरी प्रामाणिक माणूस तुम्ही मला दाखवाल का?

मी तरी तो नव्हते. मी तेरा वर्षांची होते, बहारीनच्या माहूज भागात राहत होते आणि लॉरेनवर जळत होते. लॉरेन वसईची, क्लबात जिम्नॅस्टिक्स शिकणारी. टीव्हीवर स्पर्धा लागली की अर्धी बिल्डिंग आमच्या हॉलमध्ये जमायची. त्या विजेत्या मुली चार इंच रुंद उंच पट्टीवर, म्हणजे बीमवर, गिरकी घेत, हवेत उलट्या होत आणि उतरताना पाऊल तसूभरही हलवत नसत. मग कुणीतरी म्हणायचंच, "लॉरेन, तू दाखव ना!" ती दाखवायची. माझे बाबाही टाळ्या वाजवायचे. (माझे बाबा! ज्यांनी मला संपाची पत्रकं वाचून दाखवत वाढवलं!)

मी तत्त्वाने लढले. 'टाळ्यांची मक्तेदारी मोडून काढा!' असं पत्रक लिहून जिन्यात चिकटवलं. लॉरेनने ते शांतपणे वाचलं आणि तिथेच पाय कानापर्यंत उचलून दाखवला!

आता कृतीच हवी होती.

आत्याचं लग्न महिन्यावर आलं होतं. बहारीनमधल्या प्रत्येक मराठी घरासारखे आमचे गावी न्यायचे कार्टन केव्हाच भरून, सुतळीने आवळून हॉलमध्ये बसले होते. शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दुपारी, आई-बाबा झोपल्यावर मी कपाटाची फळी काढून दोन कार्टनांवर टाकली. झाला बीम! राहिली पांढरी पावडर. टीव्हीवरच्या मुली चढण्याआधी हातापायांना लावतात ती. कोणती, ते लॉरेनला विचारता आलं असतं. पण जिच्याविरुद्ध पत्रक काढलं, तिला विचारायचं? मी आईची गुलाबाच्या वासाची टाल्कम पावडर तळपायांना सढळ हाताने फासली.

नजर फळीच्या टोकावर. पायाची बोटं ताणलेली. एक पाऊल...

दुसरं पाऊल पडलंच नाही. मी पडले! थेट कार्टनमध्ये, कमरेपर्यंत रुतून, पाय वर. आतून आत्याच्या छत्तीस नगांच्या डिनर सेटने शेवटची घोषणा दिली. (बाहेर 'काचसामान' असं मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.)

"अगं बया! माझ्या नणंदेचा सेट!" आई धावत आली.

बाबांनी मागून पाहिलं. "खलास."

आवाज ऐकून लॉरेनही वर आली. तिने माझे गुलाबाच्या वासाचे तळपाय पाहिले.

"हे काय फासलंस? अगं, आमची पावडर पाय घसरू नये म्हणून असते!"

"ते सोड," बाबा म्हणाले, "मार्क किती?"

"लँडिंग मात्र पक्कं आहे, अंकल. हललीच नाही."

सगळे हसले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी पहिल्यांदाच! मी कार्टनमधून मान लववून त्या स्वीकारल्या. आत्याला लग्नात सहा बशा मिळाल्या.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. लॉरेन कुठे भेटली, तर ती पावडर नेमकी कोणती, ते तेवढं विचारून मला कळवा. मी अजून विचारलेलं नाही. पत्रक मागे घेतलेलं नाही ना!