दहापैकी सात

गिरगावातल्या एका शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं, आणि एकाही निबंधाला कधी दहापैकी दहा दिले नाहीत. पाच म्हणजे बरा, सहा म्हणजे चांगला, सात म्हणजे वर्गात वाचून दाखवण्यासारखा. आठ एकदाच दिले होते, तर महिनाभर रुखरुख लागून राहिली होती. अर्ध्या मार्कासाठी शाळेत आलेले पालक आल्या पावली परत जायचे. बाईंचा हात आखडता आहे असं सगळे म्हणत, आणि मला त्याचा अभिमान वाटे. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

लेकीचं लग्न ठरलं. मुलाकडचे पैसेवाले, पण मागणं काहीच नाही, आणि तेच मला बोचत होतं. आमच्याकडे सीमांतपूजनाला जावयाला घड्याळ द्यायची रीत. साधं घड्याळ त्या घरात शोभलं नसतं, म्हणून परळच्या मॉलमधल्या एका महागड्या घड्याळांच्या दुकानात गेले. फणसवाडीतल्या घरून निघताना नेसलेली साडी चांगली होती, पण चपला रोजच्याच राहिल्या. हे दुकानाच्या दारात लक्षात आलं आणि पाय मागे घेणार, तेवढ्यात आतून एक मुलगी पुढे आली.

"या ना मॅडम, बसा. पाणी देऊ?"

वय असेल चोवीस-पंचवीस. काळा कोट, केसांचा घट्ट अंबाडा. मी मराठी बोलते, शाळेत मराठीच शिकवायचे म्हटल्यावर तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला. वरळीला बीडीडी चाळीत राहायची. तिने माझ्या चपलांकडे पाहिलं नाही, किंवा पाहिलं ते मला कळू दिलं नाही. मनगट केवढं आहे, तिने विचारलं. जावयाचं मनगट कोण सासू बघून ठेवते? तिने माझ्या फोनमधला साखरपुड्याचा फोटो मोठा करून पाहिला, मग दारावरच्या सिक्युरिटीवाल्या दादांना आत बोलावलं. "दादा, जरा हात द्या. मॅडमचे जावई तुमच्याच अंगकाठीचे आहेत." तो भला माणूस लाजत लाजत एकेक घड्याळ घालून दाखवत होता आणि मला हसू आवरेना. एवढ्या महाग दुकानात मी हसेन असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी ठरलं नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिने आधीची दोन्ही घड्याळं न सांगता मखमली ट्रेमध्ये काढून ठेवली. एकाची तबकडी निळी, एकाची पांढरी. "निळं घ्या मॅडम. आताची मुलं हेच घालतात." मला पांढरंच हवं होतं. घड्याळाची तबकडी पांढरी असते, असं माझं मत, आणि माझी मतं सहसा बदलत नाहीत. तिने एकदा सांगून पाहिलं, पुन्हा आग्रह केला नाही.

पिशवी हातात देऊन ती मला दारापर्यंत सोडायला आली. तिथे आवाज उतरवून म्हणाली, "मॅडम, उद्या तुम्हाला फोन येईल. सर्व्हिस कशी वाटली, दहापैकी किती, असं विचारतील. प्लीज दहा सांगा हां. या महिन्यात माझं कन्फर्मेशन आहे."

माझा चेहरा बदलला असणार. म्हणाले, "मार्क मागायचे नसतात, बाळ. मिळवायचे असतात."

"सॉरी मॅडम," ती म्हणाली आणि दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मेथी निवडत असताना फोन आला. एक माणूस फार गोड हिंदीत बोलत होता. एक ते दहामध्ये किती? खरं सांगायचं तर आठ माझ्या ओठांवर होते. चपला, फोटो, सिक्युरिटीवाले दादा, सगळं आठवत होतं. पण तिने मागितले होते ना! मागितले म्हणून एक कापला.

"सात."

"मॅम, सात? कुछ कमी रह गयी क्या?"

"कमी काही नाही. सात चांगलेच असतात."

त्याने कारण विचारलं. त्याला काहीतरी लिहायचं असावं. आणि मी, जिला कुणी विचारलं की बोलल्याशिवाय राहवत नाही, ती म्हणाले, "लड़की बहुत अच्छी है. बस, मार्क मांगती है. ऐसा सिखाना नहीं चाहिए."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मी पुन्हा मेथीकडे वळले. आपण एका मुलीला वळण लावलं, असं वाटून मला चांगली झोपही लागली.

लग्न पार पडलं. घड्याळाचा पट्टा सैल होत होता, तो कमी करायला पंधरा दिवसांनी जावयाला घेऊन तिथेच गेले. तीच मुलगी होती. तसंच पाणी, तसंच "बसा". जरा उतरल्यासारखी दिसली, पण माझ्या मनात आलं, जागरण झालं असेल. काचेखाली निळ्या तबकडीचं घड्याळ मांडलेलं होतं. जावयाची नजर तिथे अडकली.

"अरे, हे निळ्यातही येतं?" तो सहज बोलून गेला. वाईट मुलगा नाही तो. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "हो सर. मॅडमना निळंच आवडलं होतं. मीच त्यांना पांढरं घ्यायला लावलं. सॉरी सर, माझीच चॉइस चुकली."

"नाही नाही, हेही मस्त आहे," जावई म्हणाला.

मी तोंड उघडलं नाही. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभी करणारी मी, माझ्यासाठी कुणीतरी खोटं बोलत होतं आणि मी पर्सची चेन उघडझाप करत बसले होते. घरी येताना टॅक्सीत मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, मुलगी समजूतदार आहे, आठ द्यायला हरकत नव्हती.

चारेक महिन्यांनी लेक घड्याळ घेऊन आली. बंद पडलं होतं. मी तावातावाने दुकानात गेले. एवढं महाग घड्याळ आणि चार महिन्यांत बंद! या वेळी काउंटरवर एक पस्तिशीचा सेल्समन होता. त्याने घड्याळ हातात घेतलं, दोनदा हलवलं आणि ते चालू झालं.

"खराब नाही झालं मॅडम. हे हाताच्या हालचालीवर चालतं. दोन-तीन दिवस घातलं नाही की थांबतं."

म्हणजे जावई ते घालतच नव्हता. तो घाव मी गिळला. विषय बदलायचा म्हणून विचारलं, "ती मुलगी दिसत नाही आज?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्या टीचर का?"

मी हो म्हणाले, जराशा कौतुकाने. वाटलं, माझ्याबद्दल काही चांगलं सांगितलं असेल.

"ती गेली, मॅडम. कन्फर्म नाही केलं."

"सातामुळे?"

"इथे नऊच्या खाली म्हणजे नापास. पण सात तरी निभावून नेले असते. तुम्ही वर सांगितलंत ना, की स्कोअर मागते. ते रेकॉर्डवर आलं. नियमात बसत नाही ते." घड्याळ माझ्याकडे सरकवत म्हणाला, "मागतो आम्ही सगळेच. मागावंच लागतं."

"तिला कधी कळलं हे?"

"आपला स्कोअर त्याच रात्री दिसतो फोनवर. शेरा पण."

त्याच रात्री. म्हणजे मी जावयाला घेऊन गेले तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. माझे सात, माझं ते शहाणपणाचं वाक्य, सगळं वाचून तिने मला पाणी दिलं होतं आणि माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती. मी तिथल्या मऊ खुर्चीत बसूनच राहिले. त्याला वाटलं मला चक्कर आली. मॅनेजरला भेटायचं म्हटलं, माझे मार्क बदलायचे आहेत म्हटलं, तेव्हा तो अवघडून हसला. एकदा दिलेला स्कोअर बदलता येत नाही, म्हणाला. हे वाक्य मी स्वतः किती पालकांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. बूँद से गयी वो हौद से नहीं आती, म्हणतात ते उगीच नाही.

तिचा नंबर त्याने दिला नाही, ते बरोबरच केलं. एवढंच सांगितलं, की दादरला एका चष्म्याच्या दुकानात आहे, स्टेशनच्या पश्चिमेला.

आठ दिवस मी टाळाटाळ केली. घरी कुणाला बोलले नाही, लेकीलाही नाही. मग एका दुपारी दादरला गेले आणि तिसऱ्या दुकानात ती दिसली. कोट गेला होता, साधा पंजाबी ड्रेस होता, अंबाडा तसाच घट्ट. तिने मला लगेच ओळखलं.

"या ना मॅडम, बसा."

तिथेच माझे डोळे भरून आले. चष्मा बघायला आल्याचं ठरवलेलं निमित्त सांगताच आलं नाही. म्हणाले, "माझ्यामुळे तुझी नोकरी गेली. मी फार वाईट वागले गं तुझ्याशी."

"असं काय मॅडम. तुम्ही खोटं थोडीच बोललात? मागितलेच होते मी." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेऊन ती त्याची तिरकी झालेली काडी सरळ करू लागली. "ढिला झालाय. थांबा, नीट करून देते."

काउंटरवर एक चौकोनी पाटी होती, दुकानाला मोबाईलवर पाच तारे द्या, अशी. मी विचारलं, "इथेही असतं का ते?"

"असतं ना. आमच्या नावाने पण येतात. महिन्याला बघतात किती आले ते."

"मग सांगतेस ना गिऱ्हाइकांना?"

"नाही. ज्यांना द्यायचे ते देतात आपणहून."

"पुरेसे येतात?"

तिने काडीवरची नजर काढली नाही. "कमी पडतात थोडे. बाकीच्या मुली मागतात ना."

"तू पण माग," मी म्हणाले. आवाज चढला असावा, शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "ऐक माझं. प्रत्येकाकडे माग. मी तेव्हा बोलले ते चूक होतं. मागण्यात काही वाईट नाही."

तिने चष्मा माझ्या नाकावर ठेवला, कानामागे काड्या हलकेच दाबून पाहिल्या आणि हसून म्हणाली, "हो मॅडम."

पटलं म्हणून हो म्हणणारी पोरं मला कळतात. बाईंनी आता गप्प बसावं म्हणून हो म्हणणारीही कळतात.